हवेतली पंचेचाळीस मिनिटं

३० मार्च १९९७, रविवार

औरंगाबादहून परतलो. एसटी. अकरा तास. कसारा घाटात टायर बसला. शेजारचा माणूस सगळा रस्ता माझ्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपला होता. शर्ट भिजत घातलाय. शी. यापुढे एसटीत पाय ठेवणार नाही. लिहूनच ठेवतोय, म्हणजे मोडता येणार नाही.

काम मात्र झालं. साक्षीचं लग्न ठरलं. माझ्या धाकट्या बहिणीची, अनसूयाची, ही एकुलती एक. मुलगा नांदेडचा, बँकेत आहे. चहा बशीत ओतून फुर्र करून पितो, बघवत नव्हतं. पण नोकरी पर्मनंट आहे. लग्न ११ मेला, औरंगाबादलाच, सकाळी साडेअकरा.

निघताना अनसूयाने बाजूला घेतलं. म्हणाली, दादा, पोरीला बाप नाही. लग्नात तिच्या मागे मामा म्हणून तू उभा राहा, एवढंच पाहिजे मला. आहेर नको, काही नको. मामाने मागे उभं राहावं असं धम्मात कुठे सांगितलेलं नाही, पण आमच्याकडे राहतात. मी म्हटलं, हे काय सांगणं झालं? तिचे डोळे भरून आले. माझेही आले असते, पण तेवढ्यात बबन गुरुजी टपकले.

बबन गुरुजी म्हणजे अनसूयाचे दीर. शाळामास्तर. लग्नाची सगळी सूत्रं यांच्या हातात. चारचौघांत मला म्हणतात, केरबाभाऊ, तुमचं भाईंदर म्हणजे काय मुंबई नाही, मुंबईच्या वाटेवरचं गाव. तुम्हाला दोन दिवस आधी निघावं लागेल. सगळे हसले. मीही हसलो. आतून किळस आली. हा माणूस आयुष्यात नाशिकच्या पुढे आलेला नाही.

१ एप्रिल, मंगळवार

ऑफिसात डोक्यात लख्ख प्रकाश पडला. विमान.

मी सोळा वर्षं डिस्पॅचला आहे. कुठला माल कुठे किती वेळात पोचतो ते मला झोपेतून उठवून विचारा. अंतर आणि वेळ हा माझा विषय. घरी येऊन शाळेतला जुना नकाशा काढला, वैजयंताच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. मुंबई ते औरंगाबाद सरळ रेषेत दोनशे ऐंशी किलोमीटर. विमानाला पंचेचाळीस मिनिटं. मला घरून दहिसरच्या ऑफिसात जायला पन्नास लागतात. म्हणजे औरंगाबाद मला दहिसरपेक्षा जवळ पडतं. हे आजवर कोणाच्याच लक्षात आलं नाही, कमाल आहे.

भाईंदर ते विमानतळ मोजायची गरज पडली नाही. नकाशात भाईंदर नाहीच. पण एक बोट टेकवलं की दोन्ही त्याच बोटाखाली येतात.

बायकोला सांगितलं. वैजयंता म्हणाली, फ्रिजसाठी ठेवलेत ना ते पैसे? मी म्हटलं, फ्रिजने पाणी गार होतं, विमानाने माणूस मोठा होतो. तिने चपाती तव्यावर आपटली. शेवटी असं ठरलं की ती दोन दिवस आधी आहेर घेऊन एसटीने जाईल, मी लग्नाच्या दिवशी सकाळी उडून येईन. तिला एसटीचं काही वाटत नाही. काही लोकांना घाणीची सवय होते.

५ एप्रिल, शनिवार

भाईंदरच्याच केबिन रोडला गेलो. रस्ता कसला, उकिरडा. पायाखाली केळ्याच्या साली, बाजूला गटार, सगळे एकमेकांच्या अंगावर. ट्रॅव्हल एजन्सीत फ्लेव्हिया म्हणून एक मुलगी बसते, जवळच्या उत्तन गावची. च्युइंगम चघळत होती. म्हणाली, सकाळी साडेसातला विमान आहे. लग्न कितीला? सांगितलं. तर म्हणते, अंकल, मग आदल्या दिवशीच जा ना.

तिला नीट हिशेब समजावला. साडेसातला सुटणार, सव्वाआठला पोचणार, साडेअकरापर्यंत मी तिथे करू काय, माश्या मारू? ती म्हणाली, फ्लाइट लेट झाली तर? मी म्हटलं, पोरी, हवेत घाट नाही, टायर नाही, फाटक नाही, लेट होईल कशाने? ती चघळायची थांबून माझ्याकडे बघत राहिली. तिला पटलेलं दिसलं.

खिडकीची सीट मागितली. ती म्हणाली, विमानतळावर मागायची. काम टाळायचं, दुसरं काय.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. पेणकरपाड्याच्या मंडळात माझं भाषण होतं. विषय मीच सुचवला होता, 'वेळेचं भान'. नऊची वेळ. इस्त्रीवाल्याने कोट दिला नाही म्हणून पावणेअकराला पोचलो. मिरवणूक निघून गेली होती. स्टेजवर सतरंजी गुंडाळणारा एकटा माणूस. त्याला विचारलं, माझं भाषण? तो म्हणाला, तुमच्या जागी दुसऱ्यांचं झालं.

दहा मिनिटं थांबायला काय जातं लोकांचं? वैताग आहे.

२० एप्रिल, रविवार

एसटीडी बूथवरून अनसूयाच्या शेजारी फोन लावला, बबन गुरुजींना बोलावून घेतलं. बूथमध्ये आधीच्या माणसाच्या तोंडाचा वास रिसीव्हरला लागलेला. रुमाल गुंडाळून बोललो. म्हटलं, गुरुजी, मी विमानाने येतोय.

त्यांनी पलीकडे कोणाला तरी ओरडून सांगितलं, विमानाने येतायत म्हणे. मजा आली.

मग म्हणाले, या हो, पण साडेअकरा म्हणजे साडेअकरा. दीडला हॉलवर दुसरं लग्न आहे आणि वऱ्हाडाला उजेडात नांदेड गाठायचंय. मी म्हटलं, गुरुजी, आपल्यात मुहूर्त नसतो. भटजी नाही, घटका नाही. थोडं इकडेतिकडे झालं तर आभाळ कोसळत नाही. ते म्हणाले, मुहूर्त नाही म्हणूनच वेळ पाळायची, भाऊ. आलेल्या माणसांचा खोळंबा करू नये. असलं मास्तरी बोलणं सुरू झालं की मी रिसीव्हर लांब धरतो. मुहूर्त गेला, पण त्याची भीती गेली नाही आपल्या लोकांची.

मग साक्षीने फोन घेतला. मामा, खरंच विमानाने येताय का? हो म्हटलं. ती म्हणाली, मी सगळ्या मैत्रिणींना सांगणार, माझा मामा विमानातून उतरून सरळ माझ्या मागे येऊन उभा राहणार आहे. पोरगी गोड आहे. बापाच्या घरावर गेली नाही, आमच्या घरावर गेली आहे.

२ मे, शुक्रवार

संकल्प. येत्या रविवारी पहाटे उठून विमानतळापर्यंत ट्रायल घ्यायची. डिस्पॅचचा माणूस ट्रायलशिवाय माल सोडत नाही.

४ मे, रविवार

ट्रायल रद्द. पहाटे पाणी आलं. दोन दिवसांनी आलं, तेही चहाच्या रंगाचं. त्यात तळमजल्याच्या शहाने मोटर लावून सगळं खेचून घेतलं. त्याच्याशी हिंदीत भांडलो. हिंदीत भांडलं की माझा जोर अर्धा होतो. दोन बादल्या मिळाल्या, त्यातही आळ्या.

ट्रायलची तशी गरजही नव्हती. एका बोटाचं अंतर आहे.

९ मे, शुक्रवार

वैजयंताला ठाण्याला एसटीत बसवून आलो. दोन पिशव्या, आहेराची साडी, कुकर. तिच्या सीटवर कोणीतरी ओकून ठेवलं होतं. तिने पेपर पसरला आणि बसली. खिडकीतून म्हणाली, अहो, अजूनही चला, कंडक्टरला विचारते. मी म्हटलं, तू पुढे हो. गाडी सुटेपर्यंत समोर बघत बसली.

१० मे, शनिवार

कोट आला. बूट पॉलिश केले. शहा भेटला, मुद्दाम त्याच्या कानावर घातलं की उद्या विमानाने चाललोय. त्याने काय विचारावं? एअरपोर्ट तक कैसे जाओगे केरबाभाई? एवढ्या मोठ्या प्रवासात याला रिक्षाची पडली आहे. हीच वृत्ती, म्हणून आपला देश मागे.

डायरी कोटाच्या खिशात ठेवतोय. विमानातच लिहीन.

११ मे, रविवार

सकाळी ६.४०, विमानतळ.

वेळेत पोचलो. हे आधी लिहितो, कारण पुढचं लिहायला किळस येते.

पहाटे चारला रिक्षा केली. दहिसर नाक्यावर रिक्षावाला थांबला, म्हणाला, साब, आगे अपना परमिट नहीं. मी म्हटलं, मुझे प्लेन पकडना है. तो म्हणाला, तो पकडो. उतरलो. दुसरी रिक्षा मिळेना. तबेल्याच्या कडेला उभा, बुटांना काय लागलं ते लिहीत नाही. शेवटी एका टेंपोवाल्याने घेतलं. उत्तनचा टेंपो, आत सुके बोंबील. पुढे आधीच दोघं, त्यामुळे मी मागे, गोणींवर. विमानतळाच्या गेटपर्यंत सोडलं, माणूस चांगला होता. पण कोट आता कोट राहिलेला नाही.

आत सगळे सेंट मारून आलेले. माझ्या रांगेतली एक बाई रुमाल नाकाला लावून दुसऱ्या रांगेत गेली. मोठ्या लोकांचे चोचले. खिडकी मागितली, काउंटरवरच्या मुलीने लगेच दिली. मला लवकर पुढे काढायची घाई दिसली तिला.

८.००

विमान आलेलंच नाही. ते दुसऱ्या गावाहून येतं म्हणे, आलं की मग आम्हाला नेणार. मला वाटत होतं विमान रात्री इथेच मुक्कामाला असतं. तर हे एसटीपेक्षा वाईट, एसटी निदान डेपोत तरी असते. हरकत नाही. नऊला सुटलं तरी पावणेदहा.

९.३०

अजून नाही. दहाला सुटलं तरी पावणेअकरा. मग रिक्षा. डिस्पॅचच्या भाषेत याला मार्जिन म्हणतात. मार्जिन आहे.

१०.३५

अनसूयाच्या शेजारी फोन लावला. उचलत नाहीत. सगळी आळी लग्नाला गेली असणार. हॉलवर फोन नाही. एवढा मोठा समारंभ, फोनजवळ एक माणूस ठेवायचं सुचलं नाही बबन गुरुजींना.

मुहूर्त नाही, हे बरं आहे. थांबतील. मामा आल्याशिवाय कसं लावतील?

११.३०

साडेअकरा. मी विमानतळावर. सामोसा खाल्ला, तेलकट आणि आत बटाटा आंबट. थुंकायला जागा नाही.

१२.०५, विमानात

सुटलं. आधी समुद्रावर गेलं, मग एका अंगावर कलून वळलं. मी डावीकडच्या खिडकीत. खाली खाडी, खाडीवरचा पूल, मिठागरांचे चौकोन. ओळखीचं वाटलं. नीट बघितलं, तर भाईंदर. पहाटे चारला निघालेला माणूस आठ तास खपून पुन्हा भाईंदरावर. ठाण्याची एसटी इथूनच, घोडबंदरवरून जाते. वैजयंता परवाच गेली. मी खिडकीची पट्टी खाली ओढली.

हवाई सुंदरीने गोळ्यांचा ट्रे पुढे केला आणि हात लांब ठेवून केला.

संध्याकाळ, अनसूयाचं घर

हवेत पंचेचाळीस मिनिटं. मिनिटभर इकडे नाही, तिकडे नाही. माझा हिशेब चुकलेला नाही, हे नमूद करतो.

उतरल्यावर सगळे एका पट्ट्यापाशी जाऊन उभे राहिले, म्हणून मीही राहिलो. वाटलं नियम असेल. माझ्याकडे सामान नव्हतंच, जे होतं ते वैजयंताकडे. पट्टा रिकामा झाल्यावर एकाने विचारलं, तुमची बॅग? तेव्हा कळलं. अर्धा तास त्यात गेला.

रिक्षाने हॉल गाठला. लाउडस्पीकरवर जयमंगल अष्टगाथा चालू होती, बाहेरपर्यंत ऐकू येत होती. काय वाटलं ते सांगता येत नाही. थांबले. माझ्यासाठी थांबले. मी चपलांच्या ढिगाऱ्यातून उडी मारली. कमानीवर नावं लिहिलेली होती, पण भाचीच्या लग्नात नावं काय वाचायची? कोट बघून लोकांनी वाट दिली. वासाने असेल, पण दिली. स्टेजवर नवरी पांढऱ्या साडीत, पांढरी ओढणी डोक्यावरून, पाठमोरी. तिच्या मागे, माझ्या जागेवर, एक टक्कल पडलेला माणूस उभा. मला एवढा राग आला. बबन गुरुजींनीच कोणाला तरी भरतीला उभं केलं, असं वाटलं. त्याला खांद्याने बाजूला सारलं आणि उभा राहिलो. सरळ. डोळ्यांत पाणी. फुलं पडत होती. फोटोवाल्याने दोन फ्लॅश मारले. मी पुटपुटलो, साक्षी, आलो गं.

नवरी वळली. नाकाला ओढणी लावून वळली. साक्षी नव्हती.

दुसरं लग्न. दीडचं.

टकलू हा त्या मुलीचा मामा. भांडला नाही. गाथा संपेपर्यंत बाजूला उभा राहिला, मग हळूच म्हणाला, पाव्हणं, कोणाकडचे? मी म्हटलं, मामा आहे. तो म्हणाला, मीबी. मग त्याने मला पंगतीत नेऊन बसवलं, वर स्वतः वाढलं. वांग्याची भाजी, वरण, बुंदी. मी खाल्लं. काय करणार? एवढ्या लोकांत नाही म्हणायची लाज वाटली. बुंदी चांगली होती. हे लिहितानाही माझी मलाच शिसारी येतेय.

पहिलं वऱ्हाड केव्हा गेलं, त्याला विचारलं. एकच्या आधीच म्हणाला. आम्ही आलो तेव्हा नवरी जीपमध्ये बसली होती, लई रडत होती.

इथे आलो तर अनसूया ओट्यावर बसलेली. डोळे सुजलेले. मी सगळं तयार करून आणलं होतं, विमान दुसऱ्या गावाहून येतं, कंपनी नालायक, परमिट, पट्टा. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, दादा, जेवलास का?

जेवलो म्हटलं. कुठे, ते तिने विचारलं नाही.

१२ मे, सोमवार

एसटीने परत. मी आणि वैजयंता. बस भरलेली, मागे कोणाची तरी कोंबडी.

इगतपुरीच्या पुढे वैजयंता आपणहून बोलली. साडेअकराला बबन गुरुजींनीच बौद्धाचार्यांना थांबवलं. माइकवरून सांगितलं, नवरीचे मामा विमानाने येत आहेत, सर्वांनी कृपया पाच मिनिटं धीर धरावा. असं तीनदा सांगितलं. बारा वाजेपर्यंत हॉलमधली सगळी माणसं दाराकडे बघत बसली. पोरं आभाळाकडे. मग नवऱ्याकडचे कुरकुरायला लागले, तेव्हा साक्षीच म्हणाली, लावा आता.

मी विचारलं, माझ्या जागी कोण? गुरुजी?

वैजयंता म्हणाली, त्यांनी मला सांगितलं होतं, वहिनी, तुम्ही उभ्या राहा. मी गेलेही. साक्षी नको म्हणाली.

तिने पिशवीतून एक दशमी काढून माझ्या हातावर ठेवली. खाल्ली.

१ जून, रविवार

नांदेडहून साक्षीचा लिफाफा आला. एकच फोटो, मागे लिहिलंय, मामांना.

फोटोत साक्षी आणि तो बशीवाला, हात जोडून. नवऱ्याच्या मागे त्याचा मामा, फेटा घालून. साक्षीच्या मागे कोणी नाही. जागा सोडलेली आहे, एका माणसाची, बरोबर माझ्या रुंदीची. बबन गुरुजी त्या जागेच्या शेजारी उभे आहेत, पण आत पाऊल टाकलेलं नाही. दोन्ही हात आडवे धरलेत, कोणी घुसू नये म्हणून.

वैजयंता म्हणाली, फ्रेम करून लावू या. मी म्हटलं, नको. ती म्हणाली, लावायचाच.

औरंगाबादेत कुठल्या तरी घरात दुसरा अल्बम असणार. त्यात मी आहे. नवरीच्या मागे, सरळ, कोट घालून, डोळ्यांत पाणी. त्या घरात कोणी विचारत असेल, हा कोण? आणि कोणालाच सांगता येत नसेल.

संध्याकाळी खिळा ठोकला. वाकडा गेला, पण फोटो बसला.